शेकडा, पेटी आणि फूट : अंड्यांच्या घाऊक धंद्यात उतरताना

सासवडमध्ये अंड्यांचा टेम्पो फिरवायला लागून मला बरीच वर्षं झाली. वर्षातून तीन-चार पोरं तरी येतात आणि विचारतात, "दादा, अंड्याची लाइन टाकायचीय, आज भाव काय चाललाय?" भाव मोबाइलवर कुणालाही दिसतो. पण भाव आणि संध्याकाळी गल्ल्यात उरणारे पैसे यांच्या मध्ये मोजणी, आकार, फूट (म्हणजे वाटेत फुटणारी अंडी), उधारी आणि श्रावण येतो. ते सगळं शिकताना माझे बरेच पैसे गेले. ज्याला किराणा, बेकऱ्या, भुर्जीच्या गाड्या यांना माल पुरवायचाय, त्याच्यासाठी हे लिहितोय. फार्म टाकणाऱ्याचा हिशोब वेगळा, त्यात मी पडत नाही.

पायरी पहिली : मोजमाप डोक्यात बसवा

घाऊक बाजारात भाव शेकड्यावर बोलतात. "पाचशे साठ" म्हणजे १०० अंड्यांना ५६० रुपये, एक अंडं ५ रुपये ६० पैशांना. (हा आकडा हिशोबासाठी धरलाय. तुम्ही वाचाल त्या दिवशी वेगळा असेल.) माल मात्र ट्रेने येतो. ट्रेमध्ये ३० अंडी, सात ट्रेची एक पेटी, म्हणजे २१० अंडी. किराणावाला ट्रेवर बोलतो, घरचं गिऱ्हाईक डझनावर नाहीतर नगावर. एकाच मालाचे असे चार हिशोब होतात.

५६० च्या भावाने ट्रे पडतो १६८ रुपयांना आणि पेटी १,१७६ रुपयांना. शेकड्यामागे १० रुपये हलले की ट्रेला ३ आणि पेटीला २१ रुपये हलतात. एवढं पाठ केलं की दुकानाच्या दारात कॅल्क्युलेटर काढावा लागत नाही.

हे किरकोळ वाटेल. मी सुरुवातीला एका मेसवाल्याला पेटीचा भाव सांगताना शेकड्याची सरळ दुप्पट केली. पेटी म्हणजे दोन शेकडे, असं डोक्यात बसलेलं. दर पेटीमागे दहा अंडी फुकट चालली होती. मेसवाला गप्प. तो कशाला बोलेल? चौथ्या रात्री वही जुळेना, बायको शेजारी बसून पुन्हा पुन्हा बेरीज करत होती, तेव्हा तिनेच विचारलं, "सात ट्रे गुणिले तीस किती हो?"

पायरी दुसरी : भाव वाचायला शिका

रोज व्हॉट्सॲपवर फिरतो तो भाव एनईसीसीचा, म्हणजे नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीचा. "संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे" ही जाहिरात त्यांचीच. १९८२ मध्ये ही संस्था उभी राहिली, मुख्यालय आपल्या पुण्यात. वेंकटेश्वरा हॅचरीजच्या डॉ. बी. व्ही. राव यांनी अंडी उत्पादकांना एकत्र करून ती बांधली. त्याआधी भाव व्यापारी सांगायचे आणि शेतकरी ऐकायचा, कित्येकदा उत्पादन खर्चही निघायचा नाही. आपल्या अंड्याचा भाव आपण जाहीर करायचा, एवढ्या एका मुद्द्यावर देशभरचे पोल्ट्रीवाले एकत्र आले. आपण व्यापाराच्या बाजूचे, तरी मला हे पटतं. ज्याच्या शेडवर सकाळी पन्नास हजार अंडी येतात आणि ज्याला ती ठेवायला जागा नाही, त्याचा हात सौद्यात कायम खालीच असतो.

त्यांच्या तक्त्यात शहरांची नावं आणि पुढे महिन्याच्या तारखा असतात. वरच्या भागात सुचवलेले भाव, त्यात पुणे, मुंबई, हैदराबाद, होस्पेट, नामक्कल, विजयवाडा, बरवाला अशी नावं. खालच्या भागात काही शहरांचे प्रत्यक्ष चाललेले भाव. काही नावांपुढे "सीसी" लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ते खपाचं केंद्र, तिथे अंडी पिकत नाहीत, खाल्ली जातात. मुंबई तशी. म्हणून मुंबईचा आकडा सहसा उत्पादन होणाऱ्या ठिकाणांपेक्षा चढा दिसतो, मधली गाडी आणि फूट त्यात आलेली असते.

नवा माणूस इथे एक चूक हमखास करतो. हा भाव "सुचवलेला" आहे, सरकारी दर नाही. माल तुंबलेला असला की फार्मवर त्याच्यापेक्षा कमीने सौदा होतो. नामक्कल तमिळनाडूत, तिथे तर जाहीर भावातून व्यापारी किती पैसे "मायनस" कापतात यावरून वर्षानुवर्षं भांडणं चाललीत. उलट डिसेंबरात मालच नसला की जाहीर भावाच्या वरती पैसे मोजून पेटी घ्यावी लागते. तेव्हा कुणी भाव सांगितला की लगेच विचारायचं : जागेवरचा की पोच? रोखीचा की उधारीचा? ट्रेसकट की ट्रे वेगळा? हमाली कुणाची? या चार उत्तरांनी शेकड्यामागे पंधरा-वीस रुपये इकडचे तिकडे होतात, आणि तुमचं मार्जिन जवळपास तेवढंच असतं.

पुण्याचा एकटा आकडा बघू नका. होस्पेट आणि हैदराबादही बघा. तिकडे भाव दोन-तीन दिवस उतरतोय आणि पुणं अजून तसंच आहे, म्हणजे तिकडच्या गाड्या मुंबई-पुण्याकडे वळणार आणि आपल्याकडेही उतार येणार. अशा दिवशी मी एका दिवसापुरताच माल उचलतो. देशात सगळ्यात जास्त अंडी आंध्र प्रदेशात होतात, पाठोपाठ तमिळनाडू आणि तेलंगणा. महाराष्ट्र आपल्या भुकेपुरतंसुद्धा पिकवत नाही. त्यामुळे आपला भाव दक्षिणेच्या वाऱ्यावर हलतो, हे मनात पक्कं ठेवा. भावाची वही करा. पुणे, होस्पेट, हैदराबाद, बरवाला असे चार रकाने, रोज रात्री दोन मिनिटं. हरियाणातलं बरवाला एवढ्यासाठी, की उत्तरेत थंडी पडली की पहिला चटका तिथे दिसतो.

पायरी तिसरी : पंचांग आणि कोंबडी, दोन्हीकडे लक्ष

कोंबडीला सुट्टी नसते. मागणी पडली म्हणून ती अंडं द्यायची थांबत नाही, आणि अंडं कांद्यासारखं चाळीत भरून ठेवता येत नाही. या एका गोष्टीमुळे अंड्याचा भाव एवढा उड्या मारतो.

मागणीचा अर्धा हिशोब कालनिर्णयमध्ये आहे. उन्हाळ्यात "अंडं उष्ण पडतं" म्हणून घरोघरी खप उतरतो. आषाढात आमच्याकडे माउलींची पालखी दोन रात्री मुक्कामाला असते. त्या दिवसांत भुर्जीच्या गाड्या झाकलेल्या, चायनीजवाल्यांचे तवे थंड. बाहेरून नवीन आलेला एकजण त्याच आठवड्यात पंचवीस पेट्या भरून बसला होता. मग आषाढी अमावस्येच्या आधी गटारीची धांदल होते, पण ती चिकनवाल्याची. अंड्याला तिचा फायदा थोडाच. आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण. श्रावण, गणपती, पितृपक्ष, नवरात्र असं सलग दोन-अडीच महिने घरगुती खप मार खातो. बेकऱ्या, मेस, भुर्जीवाले तेवढे चालू राहतात, म्हणून ती गिऱ्हाइकं आधीच धरून ठेवायची.

कोजागिरीनंतर गाडी वर चढायला लागते. थंडी, नाताळचे केक, जिमवाल्या पोरांचे नवीन संकल्प, आणि सगळ्यात मोठं म्हणजे उत्तर भारताची थंडी. डिसेंबर-जानेवारीत भाव सहसा वर्षातला सगळ्यात चढा असतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या बाजारात खप दिसण्याइतका घसरतो, भाव मात्र खाली येत नाही, कारण दिल्लीला मार्गशीर्षाचं काही पडलेलं नसतं.

नोंदी इंग्रजी तारखेने ठेवू नका. अधिक महिना आला की श्रावण पुढे सरकतो. २०२३ मध्ये तर अधिक श्रावणच होता. "गेल्या वर्षी वीस ऑगस्टला एवढा खप होता" या वाक्याचा आमच्या धंद्यात काही उपयोग नाही.

आता कोंबडीची बाजू. लेयर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी, अठरा-वीस आठवड्यांची झाली की अंड्यावर येते आणि साधारण बहात्तर ते ऐंशी आठवड्यांपर्यंत ठेवतात. म्हणजे आज भाव चढला म्हणून कुणी पिल्लं टाकली, तर त्यांची अंडी बाजारात यायला पाच महिने लागतात. तोवर भाव काय असेल कुणास ठाऊक, आणि सगळ्यांनी एकदम टाकली तर पाच महिन्यांनी माल तुंबतो. खर्चाचा सर्वात मोठा वाटा खाद्याचा, मका आणि सोयाबीनची पेंड. एक कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. शंभर कोंबड्यांमागे ८५ अंडी धरली तर एका अंड्यामागे जवळपास १३० ग्रॅम खाद्य. खाद्य ३० रुपये किलो धरा, अंड्यामागे चार रुपयांच्या आसपास नुसतं खाण्याचे. पिल्लू, औषध, वीज, मजूर त्यावर. अलीकडे मक्याला इथेनॉलवाल्यांचं गिऱ्हाईक मिळालंय, त्यामुळे पोल्ट्रीवाला मक्याच्या भावाकडे पूर्वीपेक्षा जास्त धास्तीने बघतो. भाव खर्चाच्या खाली फार दिवस राहिला की शेतकरी म्हाताऱ्या कोंबड्या लवकर काढतो, माल कमी होतो आणि भाव परत उचल खातो. हा झोका दरवर्षी दिसतो, फक्त तारीख सांगता येत नाही.

बर्ड फ्लूचं एक सांगून ठेवतो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा तो सापडला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हापासून टीव्हीवर नुसता शब्द आला तरी खप दोन दिवसांत बसतो, मग साथ कुठल्या का राज्यात असेना. नीट शिजवलेल्या अंड्यातून धोका नसतो, ७० अंशांच्या वर विषाणू टिकत नाही, हे खरं. पण त्या आठवड्यात गिऱ्हाइकाशी वाद घालण्यापेक्षा माल निम्मा उचलावा आणि पशुसंवर्धन खात्याचं पत्रक काय म्हणतं ते वाचावं.

पायरी चौथी : माल कुणाकडून

पहिल्याच दिवशी फार्मवर जाऊ नका. "डायरेक्ट फार्म" हे शब्द ऐकायला गोड लागतात, पण फार्मवाला बहुतेक वेळा पूर्ण गाडी भरणाऱ्याला माल देतो, तोही रोखीने आणि रोज. तुम्हाला आज दहा पेट्या हव्यात, उद्या सात, परवा नकोत. असं गिऱ्हाईक त्याच्या काय कामाचं? सुरुवात घाऊकवाल्याकडून करा. शेकड्याला दहा रुपये जास्त जातील, पण पेटीच्या हिशोबाने माल मिळेल आणि फुटका ट्रे निघाला तर बदलून मिळण्याची आशा राहील. रोज पन्नास-साठ पेट्यांचा खप जमला की फार्मचा विचार करा.

फार्मवर जायची वेळ आली तर आपले वापरलेले ट्रे घेऊन आत शिरू नका. बाजार फिरून आलेल्या ट्रेबरोबर रोग शेडमध्ये जातो. चांगला पोल्ट्रीवाला टेम्पोच्या चाकांवर फवारणी करून घेतो आणि तुम्हाला शेडच्या दारापलीकडे येऊ देत नाही. राग मानू नका. जो कुणालाही आत येऊ देतो, त्याच्याकडून माल घेताना मी दोनदा विचार करतो.

पायरी पाचवी : माल हातात घेऊन बघा

घाऊकवाल्याच्या गोदामात उजेड कमी असतो, घाई जास्त असते आणि वरचा ट्रे नेहमी सुंदर असतो. म्हणून मधला ट्रे काढायला सांगा. आधी वजन. ५५ ग्रॅमच्या हिशोबाने ३० अंड्यांचं वजन भरतं १ किलो ६५० ग्रॅम, ट्रेचं वजन सोडून. ॲगमार्कच्या सरकारी प्रतवारीत ५३ ते ५९ ग्रॅमचं अंडं लार्ज, ४५ ते ५२ चं मीडियम, ३८ ते ४४ चं स्मॉल आणि ६० च्या वर एक्स्ट्रा लार्ज. नव्यानेच अंड्यावर आलेल्या कोंबडीची अंडी बारीक असतात. ती वाईट नसतात, पण त्यांचा भाव कमी असायला हवा. मोठ्याच्या भावाने बारीक माल गळ्यात मारणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती, आणि तिला पकडायला तीनशे रुपयांचा स्प्रिंगचा काटा पुरतो. मी तो टेम्पोच्या सीटखाली ठेवतो. काढायची वेळ क्वचित येते, समोरच्याला दिसला तरी काम होतं.

मग तडा. दोन अंडी हातात घेऊन एकमेकांवर हलकेच टेकवा. धडधाकट अंड्यांचा आवाज टणक येतो, तडकलेलं बद्द वाजतं. प्रत्येक अंडं वाजवत बसता येत नाही, पण ट्रेमधलं कोपऱ्यातलं एक आणि मधलं एक, एवढं तरी करावं. केसासारखा तडा डोळ्यांना दिसत नाही. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरलं की तो पांढऱ्या रेघेसारखा उमटतो. त्याच उजेडात बोथट टोकाकडची हवेची पोकळी दिसते. ताज्या अंड्यात ती छोटी असते, दिवस जातील तशी वाढते. म्हणूनच शिळं अंडं पाण्यात तरंगतं. संशय आला तर बादलीत पाच अंडी सोडून बघा : तळाला आडवं झोपलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, वर आलं तर परत.

उन्हाळ्यात कवच पातळ येतं. कोंबडीला धाप लागते, ती खाणं कमी करते, अंडंही लहान देते. एप्रिल-मेमध्ये तपासणी दुप्पट करा.

पायरी सहावी : गाडी आणि फूट

धंदा इथेच बसतो किंवा उठतो, म्हणून हा हिशोब कागदावर करून दाखवतो. दहा पेट्या उचलल्या, २,१०० अंडी. शेकड्याला २० रुपये सुटतात असं धरू, म्हणजे फेरीला ४२० रुपये. शंभरात एक अंडं फुटलं तर २१ अंडी, ५६० च्या भावाने ११७ रुपये साठ पैसे गेले. चौथा हिस्सा तिथेच. शंभरात दोन फुटली तर निम्म्याच्या वर. त्यातून डिझेल काढा आणि मग मला सांगा, भाव पाच रुपयांनी कमी मिळावा म्हणून तासभर घासाघीस करायची की ट्रे नीट रचायला अर्धा तास जास्त द्यायचा?

हडपसरकडून माल घेऊन सासवडला येताना दिवे घाट लागतो. पहिल्या पावसाळ्यात मी घाटात एका ट्रकला वाट द्यायला टेम्पो कडेला घेतला आणि चाक खड्ड्यात आदळलं. आवाज काही मोठा झाला नाही. घरी येऊन ताडपत्री उचलली तर डाव्या बाजूची थप्पी अख्खी एका अंगाला बसलेली आणि खालच्या फळीतून पिवळं पाणी ठिबकत होतं. खड्ड्याने फक्त निमित्त दिलं. खरं कारण वेगळं होतं. सकाळी पाऊस होता, पुठ्ठ्याचे ट्रे ओलावले होते, आणि ओला पुठ्ठा वरचं वजन पेलत नाही. खालचा ट्रे चेपला की वरचे सगळे खाली येतात. तेव्हापासून पावसाळ्यात तळाला दोन-तीन प्लास्टिकचे ट्रे, त्यावर पुठ्ठ्याचे, आणि ताडपत्री भरायच्या आधी टाकायची, नंतर नाही.

बाकी गोष्टी पटकन सांगतो. तळाला पोती किंवा जुनी सतरंजी. थप्प्या एकमेकींना भिडवून, मधे पोकळी नको, पोकळीत थप्पी हलते. सगळ्यात वर रिकामा ट्रे पालथा, म्हणजे दोरी अंड्यावर बसत नाही. दोरी घट्ट आवळायची नाही. अंड्याचं टोक खाली आणि बोथट बाजू वर. उन्हाळ्यात पहाटे निघायचं. दुपारी एकला पत्र्याच्या टेम्पोत भरलेला माल दिसायला ठीक दिसतो, पण तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे बलक पसरतो आणि शिव्या तुम्हाला बसतात.

साठवण सावलीत, हवेशीर, जमिनीपासून वर फळीवर. रॉकेल, फिनेल, लसूण यांच्या शेजारी नको, कवचाला बारीक छिद्रं असतात आणि अंडं वास ओढून घेतं. धुऊ नका. अंड्यावर निसर्गाने दिलेला पातळ थर असतो, धुतल्यावर तो निघून जातो आणि माल लवकर खराब होतो. मळकी असतील तर कोरड्या फडक्याने पुसा. एकदा फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी बाहेर काढून पुन्हा उन्हात फिरवली तर त्यांना घाम सुटतो, तोही घातक. जुना माल पुढे, नवा मागे. ट्रेवर खडूने तारीख टाकायची सवय लावा.

नुसता तडा गेलेली, आतला पापुद्रा शाबूत असलेली अंडी त्याच दिवशी कमी भावात भुर्जीवाल्याला देता येतात, तडकलेली आहेत असं सांगून. गळणारं अंडं मात्र फेकायचं. चार रुपयांसाठी कुणाचं पोट बिघडलं तर सासवडसारख्या गावात तुमचं नाव संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर पोहोचतं.

पायरी सातवी : गिऱ्हाईक आणि उधारी

किराणावाला रोज थोडा माल घेतो, भाव घटला की पहिला फोन त्याचाच येतो, वाढला की मात्र "कालचा भाव लाव ना" म्हणतो. बेकरीवाला मोठा खप देतो, पण त्याला आकार एकसारखा लागतो, कारण त्याचं माप अंड्याच्या नगावर चालतं. मेसवाल्याचा खप कॉलेजच्या परीक्षा आणि सुट्ट्यांवर. भुर्जी आणि चायनीजच्या गाड्या संध्याकाळी रोख देतात, आणि खरं सांगायचं तर माझं घर त्यांच्यावर चालतं. मोठी हॉटेलं नावाला बरी दिसतात, पैसे महिन्याने.

उधारीची माझी मर्यादा एकच : मागच्या मालाचे पैसे दिल्याशिवाय पुढचा माल उतरत नाही. एक फेरी उधार, दुसरी नाही. हे पहिल्या दिवशी हसत सांगायचं असतं. महिन्याने सांगायला गेलं की भांडण होतं. शहराच्या बाजूच्या एका हॉटेलने माझे सव्वीस हजार अडकवले आणि एके दिवशी शटरच खाली. नंतर कळलं, दूधवाला, पाववाला, गॅसवाला, सगळ्यांचेच राहिले होते.

साठ्याचाही हिशोब ध्यानात ठेवा. गोदामात ३० पेट्या आहेत, ६,३०० अंडी, आणि रात्रीत भाव २० रुपयांनी पडला. गेले १,२६० रुपये, म्हणजे त्या तीस पेट्यांवर सुटणारं सगळं मार्जिन. भाव चढेल म्हणून माल दाबून ठेवणारे मी पाहिलेत. एकदा जमतं, त्या एकदाच्या आठवणीवर माणूस पुढे चार वेळा बुडतो. नव्याने दोन दिवसांच्या खपापेक्षा जास्त माल ठेवूच नये.

गावरान आणि चिकन, जाता जाता

गिऱ्हाईक "गावरान आहेत का?" विचारणारच. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. बीव्ही ३८० सारखी तपकिरी अंडं देणारी लेयरची जात पिंजऱ्यातही वाढते आणि तिचं अंडं तपकिरीच असतं. बलकाचा केशरी रंग खाद्यावर असतो. त्यामुळे रंग बघून गावरान ठरवता येत नाही, आणि गावरान म्हणून तपकिरी माल विकणारे बाजारात भरपूर आहेत. मी ते पाटीवर "ब्राऊन" म्हणून लिहितो आणि खरी गावरान ज्या दोन वस्त्यांवरून येतात तेवढीच गावरान म्हणतो. तिचा भाव एनईसीसीच्या तक्त्यात शोधू नका. तो नगावर, बाजारच्या दिवशी, समोरासमोर ठरतो.

चिकनचा भाव आणि अंड्याचा भाव एकत्र चालतात असं समजू नका. ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेला पक्षी, ज्याला आपण सगळे बॉयलरच म्हणतो, तो जिवंत किलोवर विकला जातो आणि साधारण सहा आठवड्यांत तयार होतो, त्यामुळे त्याचा चढउतार अंड्यापेक्षाही झपाट्याचा. जिवंत भाव आणि दुकानातल्या कापलेल्या चिकनचा भाव यातला फरक बघून दुकानदाराला लुटारू ठरवू नका. पंख, कातडं, आतडी गेल्यावर किलोमागे साधारण साडेसहाशे-सातशे ग्रॅमच उरतं. अंडी देऊन झालेल्या लेयर कोंबड्याही याच बाजारात उतरतात. मांस चिवट, रस्सा झकास, ढाबेवाले आवर्जून घेतात.

पायरी आठवी : कागद

यात अवघड काही नाही, पण पहिल्याच महिन्यात उरका. अन्नपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेची, उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो, छोट्या विक्रेत्यालाही. बेकऱ्या आणि मेस तो नंबर मागतात. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असलेल्या छोट्या दुकानाला शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, तिचे पाचशे-हजार मागणाऱ्या एजंटला वाटेला लावा. कवचातल्या ताज्या अंड्यांवर जीएसटी शून्य, पण म्हणून बिल नको असं नाही. घाऊकवाल्याकडून रोज बिल घ्या, त्यावर पेट्या, भाव आणि फुटीची वजावट वेगवेगळी लिहून. माझ्या घाऊकवाल्याने एका दिवाळीला तीन ट्रेची फूट "पुढच्या वेळी बघू" म्हणून तोंडी ठेवली होती. ती पुढची वेळ अजून आलेली नाही.